सियाचीनच्या छावणीतून रेल्वेच्या डब्यात : संरक्षण संशोधनाचा नागरी प्रवास

नवी दिल्ली : उणे तापमानाच्या हिमक्षेत्रात तैनात जवानांच्या मैल्याची विल्हेवाट कशी लावावी, या प्रश्नाचे उत्तर शोधताना विकसित झालेले तंत्रज्ञान आज देशभर धावणाऱ्या रेल्वेगाड्यांच्या डब्यांखाली बसविलेले आहे. लढाऊ विमानाच्या वैमानिकाला उंचावर श्वास घेता यावा म्हणून तयार करण्यात आलेल्या प्रणालीच्या तत्त्वावर कोरोना साथीच्या काळात जिल्हा रुग्णालयांमध्ये प्राणवायूचे प्रकल्प उभे राहिले. क्षेपणास्त्रांसाठी बनविलेला हलका संमिश्र पदार्थ पोलिओग्रस्त मुलांच्या पायांना आधार देणाऱ्या कॅलिपरसाठी वापरण्यात आला.

संरक्षण संशोधनाचा लाभ नागरी प्रशासन आणि उद्योगांना मिळावा, हे धोरण भारतात नवे नाही. अलीकडच्या वर्षांत त्याला संस्थात्मक रूप आले असून परवाना करारांची संख्याही वाढली आहे. मात्र गेल्या तीन दशकांतील प्रमुख उदाहरणे तपासली असता एक बाब ठळकपणे समोर येते. परवाना करारावर स्वाक्षरी होणे हा हस्तांतरणाचा आरंभ असतो. नागरी परिस्थितीत ते तंत्रज्ञान टिकणार की नाही, हे देखभाल, प्रशिक्षण, खरेदीची हमी आणि वापरणाऱ्यांच्या सवयी यांवर ठरते.

पार्श्वभूमी

स्वातंत्र्यानंतर 1948 मध्ये संरक्षण विज्ञान संघटनेची स्थापना झाली. भौतिकशास्त्रज्ञ डॉ. दौलतसिंग कोठारी हे संरक्षण मंत्रालयाचे पहिले वैज्ञानिक सल्लागार होते. 1958 मध्ये ही संघटना, लष्कराच्या तांत्रिक विकास आस्थापना आणि तांत्रिक विकास व उत्पादन संचालनालय यांचे एकत्रीकरण होऊन संरक्षण संशोधन आणि विकास संघटना, अर्थात ‘डीआरडीओ’, अस्तित्वात आली. क्षेपणास्त्रे, रडार, दारूगोळा आणि लढाऊ विमानांपासून अन्नप्रक्रिया, जीवशास्त्र, वैद्यक आणि शेतीपर्यंतच्या विषयांवर काम करणाऱ्या सुमारे 50 प्रयोगशाळा आज या संघटनेकडे आहेत.

सैनिकाला केवळ शस्त्र पुरत नाही. त्याला अन्न, पाणी, निवारा, औषध आणि स्वच्छता यांचीही गरज असते, आणि ती देखील वाळवंट, जंगल, समुद्र व हिमशिखर अशा परस्परभिन्न परिस्थितींत. त्यामुळे संरक्षण प्रयोगशाळांना जे प्रश्न सोडवावे लागतात त्यांतील अनेक प्रश्न दुर्गम भागातील नागरिकांचेही असतात. नागरी उपयोगाची सर्वाधिक यशस्वी उदाहरणे शस्त्रास्त्रांच्या प्रयोगशाळांपेक्षा जीवशास्त्र, अन्न आणि वैद्यक या विषयांच्या प्रयोगशाळांतून आली, त्याचे कारण हेच आहे.

दीर्घकाळ या संघटनेचे ग्राहक सशस्त्र दले आणि उत्पादक सार्वजनिक उपक्रम व आयुध निर्माणी असेच समीकरण होते. 2001 मध्ये संरक्षण उत्पादनाचे क्षेत्र खासगी उद्योगांना खुले झाल्यावर ते बदलू लागले. परवाना घेणाऱ्यांमध्ये लहान व मध्यम उद्योगांचा समावेश होऊ लागला आणि संरक्षणाबाहेरील बाजारपेठेचा विचार सुरू झाला.

हस्तांतरणाची पद्धत

एखादी प्रणाली प्रयोगशाळेत सिद्ध झाल्यानंतर तिचे आराखडे, साहित्याची विनिर्देशने, निर्मितीची प्रक्रिया आणि चाचणीचे निकष यांचा संच तयार केला जातो. इच्छुक उद्योगाची तांत्रिक व आर्थिक क्षमता तपासून त्याच्याशी परवाना करार केला जातो. प्रयोगशाळेचे शास्त्रज्ञ सुरुवातीच्या उत्पादनात मार्गदर्शन करतात आणि नमुना मान्य झाल्यावर कंपनी स्वतंत्रपणे उत्पादन सुरू करते. या सर्व कामाचा समन्वय मुख्यालयातील उद्योग संपर्क आणि तंत्रज्ञान व्यवस्थापन संचालनालयाकडे आहे.

2019 मध्ये या धोरणात महत्त्वाचे बदल करण्यात आले. विकासाच्या टप्प्यापासून प्रयोगशाळेसोबत काम करणाऱ्या भागीदार कंपन्यांना हस्तांतरण शुल्क माफ करण्यात आले. सशस्त्र दले आणि सरकारी विभागांना होणाऱ्या पुरवठ्यावर रॉयल्टी न आकारण्याचा निर्णय झाला. त्याच सुमारास संघटनेची सुमारे 450 पेटंट भारतीय उद्योगांना विनामूल्य वापरासाठी खुली करण्यात आली. 2024 च्या अखेरीपर्यंत भारतीय उद्योगांना सुमारे 1,950 तंत्रज्ञान हस्तांतरणे झाली होती. यांतील मोठा वाटा सैन्यासाठीच्या उत्पादनांचा आहे. नागरी वापराचे तंत्रज्ञान संख्येने कमी असले तरी त्याचा परिणाम थेट सामान्य नागरिकांच्या जीवनाशी निगडित आहे.

रेल्वेतील जैव शौचालये

संरक्षण तंत्रज्ञानाच्या नागरी वापराचे सर्वांत व्यापक उदाहरण म्हणजे रेल्वेतील जैव शौचालय. लडाख आणि सियाचीनसारख्या प्रदेशात थंडीमुळे मानवी मैला कुजत नाही. वर्षानुवर्षे तो तसाच साचून राहतो आणि बर्फ वितळल्यावर पाण्याच्या स्रोतांत मिसळतो. ग्वाल्हेर येथील संरक्षण संशोधन व विकास आस्थापना आणि तेजपूर येथील संरक्षण संशोधन प्रयोगशाळा यांनी यावर उपाय म्हणून जैवपाचक विकसित केला. कमी तापमानातही तग धरणाऱ्या जिवाणूंचे मिश्रण एका बंद टाकीत सोडले जाते. प्राणवायूच्या अनुपस्थितीत हे जिवाणू मैल्याचे विघटन करतात आणि शेवटी मिथेन, कार्बन डायऑक्साइड व पाणी उरते.

रेल्वेला या तंत्रज्ञानाची गरज होती, ती वेगळ्या कारणाने. डब्यांतील शौचालयांतून मैला थेट रुळांवर पडण्याची पद्धत शतकाहून अधिक काळ चालू होती. त्यामुळे रूळ आणि ते स्लीपरला जखडणाऱ्या क्लिपा गंजत होत्या. अणुशास्त्रज्ञ डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील उच्चस्तरीय रेल्वे सुरक्षा आढावा समितीने फेब्रुवारी 2012 मध्ये सादर केलेल्या अहवालात या प्रश्नाकडे सुरक्षेच्या दृष्टीने लक्ष वेधले आणि अशी शौचालये बदलण्याची शिफारस केली. घाणीमुळे रुळांची बारकाईने तपासणी करणे ट्रॅकमनना कठीण होत होते.

त्याहून गंभीर बाजू मानवी प्रतिष्ठेची होती. स्थानकांतील रुळांवरचा मैला सफाई कामगारांना दूर करावा लागत असे. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेला प्रतिबंध करणाऱ्या 2013 च्या कायद्यातील व्याख्येत रेल्वे रुळांवरील मैल्याचाही स्पष्ट उल्लेख आहे. त्यामुळे रेल्वेसाठी हा बदल केवळ स्वच्छतेच्या सोयीचा न राहता कायदेशीर जबाबदारीचा झाला.

संरक्षण प्रयोगशाळेचा जैवपाचक धावत्या डब्याखाली बसविण्यासाठी त्याच्या रचनेत बदल करावे लागले. छावणीतील टाकी स्थिर असते आणि तिच्या वापराचे प्रमाण ठरलेले असते. डब्याखाली जागा मर्यादित असते, सतत हादरे बसतात आणि गर्दीच्या हंगामात वापर कैकपटींनी वाढतो. पोलादाची, अनेक कप्प्यांची टाकी तयार करण्यात आली आणि बाहेर पडणाऱ्या पाण्यावर क्लोरीनची प्रक्रिया करण्याची व्यवस्था करण्यात आली. जानेवारी 2011 मध्ये ग्वाल्हेर-वाराणसी बुंदेलखंड एक्स्प्रेस ही अशी शौचालये बसविलेली पहिली गाडी ठरली. 2016 मध्ये तामिळनाडूतील रामेश्वरम-मानामदुराई हा 114 किलोमीटरचा मार्ग रुळांवर मैला न पडणारा देशातील पहिला हरित मार्ग म्हणून घोषित झाला. टाक्यांसाठी लागणारे जिवाणूंचे मिश्रण रेल्वेने स्वतः तयार करावे यासाठी नागपूरच्या मोतीबाग कार्यशाळेत सुविधा उभारण्यात आली. पुढे 70 हजारांहून अधिक प्रवासी डब्यांत मिळून अडीच लाखांवर जैव शौचालये बसविण्यात आली.

या विस्ताराच्या मध्यावर भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक अर्थात ‘कॅग’ यांनी 2017 मध्ये सादर केलेल्या अहवालाने दुसरी बाजू समोर आणली. तपासलेल्या सुमारे 25 हजार जैव शौचालयांमध्ये 2016-17 या एका वर्षात दोष व त्रुटींच्या सुमारे दोन लाख घटना नोंदल्या गेल्या होत्या. त्यांपैकी निम्म्याहून अधिक घटना शौचालय तुंबण्याच्या होत्या. दुर्गंधी, बिघडलेल्या झडपा, डब्यात मग किंवा कचरापेटी नसणे अशाही नोंदी त्यात होत्या. प्लॅस्टिकच्या बाटल्या, कापड, कागद आणि गुटख्याच्या पुड्या शौचालयात टाकल्या गेल्याने टाकीकडे जाणारा मार्ग बंद होत होता.

या अहवालाचा मथितार्थ तंत्रज्ञानापुरता मर्यादित नव्हता. सैनिकी छावणीत शिस्तबद्ध गट एकच सुविधा वापरतो आणि तिच्या देखभालीची जबाबदारी निश्चित असते. रेल्वेच्या डब्यात रोज वेगळे प्रवासी येतात. कचरापेटी नसेल तर कचरा कुठे जाणार, डेपोत टाकी साफ करण्यासाठी किती वेळ व मनुष्यबळ आहे, जिवाणूंची सक्रियता केव्हा तपासायची आणि अडकलेली टाकी शेवटी कोणी हाताने मोकळी करायची, या प्रश्नांची उत्तरे प्रयोगशाळेने दिलेल्या दस्तऐवजांच्या संचात नव्हती. त्यांतील शेवटच्या प्रश्नाकडे दुर्लक्ष झाले, तर ज्या कामातून कामगाराची सुटका व्हावी म्हणून हा बदल केला गेला, तेच काम रुळांवरून डेपोत सरकण्याचा धोका राहतो. रेल्वेने त्यानंतर देखभालीच्या व्यवस्थेत सुधारणा केल्या, डब्यांत कचरापेट्या बसविल्या आणि कमी पाण्यात जोरदार ओढ निर्माण करणारी निर्वात शौचालयेही काही गाड्यांमध्ये बसविण्यास सुरुवात केली.

विमानातून रुग्णालयात

दुसरे ठळक उदाहरण कोरोना साथीचे आहे. बेंगळुरू येथील संरक्षण जैव-अभियांत्रिकी आणि विद्युत-वैद्यक प्रयोगशाळेने ‘तेजस’ या हलक्या लढाऊ विमानासाठी वैमानिकाला विमानातच प्राणवायू निर्माण करून देणारी प्रणाली विकसित केली होती. इंजिनाकडून मिळणारी दाबयुक्त हवा झिओलाइट या सच्छिद्र खनिजाच्या थरांतून नेली जाते. दाबाखाली झिओलाइट नायट्रोजन शोषून घेते आणि प्राणवायूचे प्रमाण वाढलेली हवा पुढे जाते. दाब कमी केला की शोषलेला नायट्रोजन बाहेर पडतो आणि तोच थर पुन्हा वापरता येतो.

एप्रिल-मे 2021 मधील दुसऱ्या लाटेत देशभर वैद्यकीय प्राणवायूची तीव्र टंचाई निर्माण झाली, तेव्हा याच तत्त्वावरील प्रकल्प रुग्णालयांच्या आवारात उभारण्याचा निर्णय झाला. पीएम केअर्स निधीतून पहिल्या टप्प्यात 500 प्रकल्प मंजूर झाले. संरक्षण तंत्रज्ञानाच्या आधारे टाटा अॅडव्हान्स्ड सिस्टिम्स या कंपनीला 332 आणि कोइम्बतूरच्या ट्रायडेंट न्यूमॅटिक्सला 48 प्रकल्पांचे काम देण्यात आले. उर्वरित 120 प्रकल्पांची जबाबदारी डेहराडून येथील भारतीय पेट्रोलियम संस्थेशी संलग्न उद्योगांकडे होती. प्रकल्पाची क्षमता मिनिटाला एक हजार लिटर होती. प्रतिरुग्ण मिनिटाला पाच लिटर या प्रमाणात एका प्रकल्पातून सुमारे 190 रुग्णांची गरज भागू शकते आणि दिवसाला 195 सिलिंडर भरता येतात, असे संरक्षण मंत्रालयाने त्या वेळी सांगितले होते.

अत्युच्च ठिकाणी तैनात जवानांसाठी बनविलेली ‘ऑक्सिकेअर’ ही प्रणालीही याच काळात नागरी वापरात आली. रुग्णाच्या रक्तातील प्राणवायूची पातळी पाहून पुरवठा कमी-अधिक करणाऱ्या या प्रणालीच्या दीड लाख संचांच्या खरेदीस 322 कोटी 50 लाख रुपये मंजूर झाले. तंत्रज्ञान अनेक उद्योगांना देण्यात आल्याने उत्पादन एकाच वेळी अनेक ठिकाणी सुरू होऊ शकले. संकटकाळात परवाना पद्धतीतील लवचिकता किती उपयुक्त ठरते, याचे हे उदाहरण मानले जाते.

प्रकल्प बसविल्यानंतरचा टप्पा मात्र अधिक खडतर होता. प्रकल्प चालविण्यासाठी अखंड वीज, प्रशिक्षित तंत्रज्ञ, प्राणवायूच्या शुद्धतेची नियमित तपासणी आणि झिओलाइटचे ओलाव्यापासून संरक्षण आवश्यक असते. जुलै 2021 मध्ये पंतप्रधानांच्या आढावा बैठकीत सुमारे आठ हजार व्यक्तींना प्रशिक्षण देण्याचे आणि प्रकल्पांच्या कामकाजावर उपकरणांद्वारे दूरस्थ देखरेख ठेवण्याचे नियोजन मांडण्यात आले. साथ ओसरल्यावर अनेक ठिकाणी वापराअभावी प्रकल्प बंद पडल्याच्या बातम्या आल्या. डिसेंबर 2022 मध्ये देशभर घेण्यात आलेल्या सराव चाचणीत रुग्णालयांतील प्राणवायू व्यवस्थेची तपासणी पुन्हा करावी लागली. लढाऊ विमानातील यंत्रणा प्रत्येक उड्डाणापूर्वी तपासली जाते. तालुका रुग्णालयातील यंत्रणेला तेवढी शिस्तबद्ध देखभाल मिळणे, हे राज्यांच्या आरोग्य विभागांच्या तरतुदींवर अवलंबून असते.

त्याच साथीत दिल्लीच्या अणुवैद्यक व संलग्न विज्ञान संस्थेने डॉ. रेड्डीज लॅबोरेटरीजच्या सहकार्याने आणलेल्या ‘2-डीजी’ या औषधाला 1 मे 2021 रोजी आपत्कालीन वापराची मान्यता मिळाली. हे संयुग या संस्थेत पूर्वीपासून कर्करोगावरील किरणोपचाराला पूरक म्हणून अभ्यासले जात होते. तिसऱ्या टप्प्यातील चाचणीत 220 रुग्णांचा समावेश होता. चाचणीचा आकार आणि उपलब्ध माहिती यांबाबत वैद्यकीय क्षेत्रातून प्रश्न उपस्थित झाले. संरक्षण प्रयोगशाळेतून आलेले तंत्रज्ञान असले, तरी नागरी क्षेत्रात त्याला त्या क्षेत्राच्या पुराव्याच्या निकषांवरच उतरावे लागते, हे या प्रकरणाने अधोरेखित केले.

क्षेपणास्त्र आणि कॅलिपर

हैदराबादच्या क्षेपणास्त्र प्रयोगशाळांत वापरल्या जाणाऱ्या हलक्या संमिश्र पदार्थाचा तुकडा निझाम वैद्यकीय विज्ञान संस्थेतील एका अस्थिरोगतज्ज्ञाने हातात घेतला आणि तेथूनच कॅलिपरची कल्पना पुढे आली, असे माजी राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अनेकदा सांगत. पोलिओग्रस्त मुलांना तीन किलोहून अधिक वजनाची धातूची कॅलिपर वापरावी लागत. नव्या पदार्थापासून बनविलेल्या कॅलिपरचे वजन सुमारे 300 ग्रॅम होते. मुलांना त्यामुळे मोकळेपणी हालचाल करता येऊ लागली. संरक्षण संशोधनातील ही कामे आपल्याला सर्वाधिक समाधान देणारी होती, असे कलाम यांनी नमूद केले होते.

1990 च्या दशकात हृदयरोगतज्ज्ञ डॉ. बी. सोमा राजू यांच्यासह कलाम यांनी स्वदेशी स्टेंट विकसित केला. त्या काळी आयात स्टेंट सामान्य रुग्णाच्या आवाक्याबाहेर होते. अशा उपक्रमांना दिशा देण्यासाठी 1993 मध्ये जैव-वैद्यकीय तंत्रज्ञान सोसायटी स्थापन करण्यात आली. तथापि औषधलेपित परदेशी स्टेंट आल्यानंतर बाजारपेठ झपाट्याने बदलली आणि देशातील स्टेंटच्या किमती आवाक्यात आणण्यासाठी अखेर फेब्रुवारी 2017 मध्ये सरकारला किंमत मर्यादा लागू करावी लागली. एकदा तयार केलेल्या उत्पादनात सतत सुधारणा करण्याची जबाबदारी कोणीतरी स्वीकारली नाही, तर नागरी बाजारपेठेत ते मागे पडते, हा धडा या प्रवासातून मिळतो.

अन्न, शेती आणि दुर्गम प्रदेश

मैसुरू येथे 1961 मध्ये स्थापन झालेल्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने जवानांसाठी तयार केलेले, शीतगृहाशिवाय महिनोन् महिने टिकणारे अन्न आज दुकानांच्या फळ्यांवर दिसते. बहुपदरी पाकिटात अन्न भरून उच्च तापमानात निर्जंतुक करण्याचे तंत्र या प्रयोगशाळेने एमटीआरसह अनेक खाद्य उद्योगांना दिले. 1984 मध्ये अंतराळात गेलेले राकेश शर्मा यांच्यासाठीचे भारतीय खाद्यपदार्थ याच प्रयोगशाळेने तयार केले होते. या तंत्राच्या यशामागे बाजारपेठेचे साधे गणित होते. ग्राहक स्वतः पैसे देऊन वस्तू घेत होता आणि दर्जा टिकविण्यात कंपनीचेच हित होते.

लेह येथील संरक्षण उच्च उन्नतांश संशोधन संस्थेचा अनुभव वेगळा आहे. हिवाळ्यात रस्ते बंद झाल्यावर जवानांना ताज्या भाज्या मिळाव्यात, यासाठी शीत वाळवंटात भाजीपाला पिकविण्याचे तंत्र तेथे विकसित झाले. खंदकात किंवा प्लॅस्टिक आच्छादनाखाली भाज्या घेण्याच्या पद्धती स्थानिक शेतकऱ्यांनी स्वीकारल्या आणि त्यांच्या सहकारी संस्थांकडून लष्कर भाजीपाला खरेदी करू लागले. लडाखमध्ये उगवणाऱ्या सी-बकथॉर्न या काटेरी झुडपाच्या फळांपासून पेय बनविण्याचे तंत्रही उद्योगांना देण्यात आले. येथे तंत्रज्ञान देणारा आणि पीक विकत घेणारा ग्राहक एकाच मंत्रालयाच्या छत्राखाली होता. शेतकऱ्याला खरेदीची हमी मिळाल्याने नव्या पद्धतीची जोखीम त्याच्यासाठी कमी झाली.

महाराष्ट्रातील प्रयोगशाळा

संरक्षण संशोधनाच्या नकाशावर महाराष्ट्राचे स्थान महत्त्वाचे आहे. पुण्यात पाषाण येथे शस्त्रास्त्र संशोधन व विकास आस्थापना आणि उच्च ऊर्जा पदार्थ संशोधन प्रयोगशाळा, दिघी येथे अभियांत्रिकी संशोधन आस्थापना, अंबरनाथ येथे नौदल साहित्य संशोधन प्रयोगशाळा आणि अहिल्यानगर येथे वाहन संशोधन व विकास आस्थापना कार्यरत आहे. उच्च ऊर्जा पदार्थ प्रयोगशाळेचा इतिहास 1908 मध्ये नैनिताल येथे सुरू झालेल्या रासायनिक परीक्षकांच्या प्रयोगशाळेपर्यंत जातो. ती 1960 मध्ये पुण्यात आली. या प्रयोगशाळेने तयार केलेला स्फोटके ओळखण्याचा संच रसायनांच्या रंगबदलावरून स्फोटकाचा प्रकार दर्शवितो आणि तो पोलीस व निमलष्करी दलांच्या वापरात आहे.

अहिल्यानगर येथील आस्थापनेचे योगदान उपकरणापेक्षा सुविधेच्या रूपात आहे. लष्करी वाहनांसाठी उभारलेली धावपट्टी आणि चाचणी केंद्रे नागरी वाहन उद्योगालाही खुली असून केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार वाहनांना प्रमाणपत्र देणाऱ्या अधिकृत चाचणी संस्थांमध्ये तिचा समावेश आहे. तंत्रज्ञान देण्याऐवजी महागड्या चाचणी सुविधा उद्योगांना वापरू देणे, हा संशोधन-सहकार्याचा तुलनेने कमी चर्चिला गेलेला, पण स्थिर आणि उपयुक्त मार्ग ठरला आहे.

अन्य देशांचा अनुभव

संरक्षण संशोधनातून नागरी क्रांती घडल्याची सर्वज्ञात उदाहरणे अमेरिकेतील आहेत. 1969 मध्ये संरक्षण खात्याच्या निधीतून सुरू झालेल्या ‘अर्पानेट’मधून पुढे इंटरनेटचा विकास झाला. सैन्यासाठी उभारलेली जीपीएस ही स्थाननिश्चिती प्रणाली नागरी वापरासाठी उपलब्ध केली जाईल, असे 1983 मध्ये जाहीर झाले आणि नागरी संकेतांची अचूकता मुद्दाम कमी ठेवण्याची पद्धत मे 2000 मध्ये बंद करण्यात आली. त्यानंतरच वाहन चालकापासून मच्छीमारापर्यंत सर्वांसाठी ती विश्वासार्ह ठरली. भारताच्या ‘नाविक’ प्रणालीतही सर्वांसाठी खुली सेवा आणि अधिकृत वापरकर्त्यांसाठी मर्यादित सेवा अशी विभागणी सुरुवातीपासून आहे.

अमेरिकेत 1980 मध्ये दोन कायदे झाले. एकाने सरकारी प्रयोगशाळांवर तंत्रज्ञान हस्तांतरणाची जबाबदारी टाकली, तर बे-डोल कायद्याने सरकारी निधीतून झालेल्या संशोधनाची मालकी विद्यापीठे व लघुउद्योगांना स्वतःकडे ठेवू दिली. 1986 च्या कायद्याने सरकारी प्रयोगशाळांना खासगी कंपन्यांशी संयुक्त संशोधनाचे करार करण्याची मुभा मिळाली. भारतात याच धर्तीवरील सार्वजनिक निधीप्राप्त बौद्धिक संपदा विधेयक डिसेंबर 2008 मध्ये राज्यसभेत मांडण्यात आले होते. मात्र ते मंजूर न होता 2014 मध्ये मागे घेण्यात आले. परिणामी संरक्षण तंत्रज्ञानाचे हस्तांतरण आजही मुख्यतः प्रशासकीय धोरणांच्या आधारे चालते.

गोपनीयतेची मर्यादा

संरक्षण तंत्रज्ञान सरसकट खुले करता येत नाही. जो पदार्थ कृत्रिम अवयवासाठी उपयुक्त असतो तोच क्षेपणास्त्रासाठीही वापरता येतो. अशा दुहेरी वापराच्या वस्तू, रसायने आणि तंत्रज्ञान यांच्या निर्यातीवर ‘स्कोमेट’ सूचीद्वारे नियंत्रण ठेवले जाते आणि त्यामागे सामूहिक संहाराची शस्त्रे व त्यांची वाहक प्रणाली यांविषयीचा 2005 चा कायदा आहे. भारत 2016 मध्ये क्षेपणास्त्र तंत्रज्ञान नियंत्रण व्यवस्थेचा, 2017 मध्ये वासेनार कराराचा आणि 2018 मध्ये ऑस्ट्रेलिया गटाचा सदस्य झाला. त्यामुळे परवाना घेणाऱ्या कंपनीला देशात विक्री करता येत असली, तरी निर्यातीसाठी स्वतंत्र परवानगी लागू शकते. लहान उद्योगांसाठी ही प्रक्रिया समजून घेणे हेच एक आव्हान असते.

निधी आणि पुढील दिशा

2025-26 च्या अर्थसंकल्पात या संघटनेसाठी 26,816 कोटी 82 लाख रुपयांची तरतूद करण्यात आली. 2022-23 च्या अर्थसंकल्पात संरक्षण संशोधनाच्या निधीपैकी 25 टक्के रक्कम उद्योग, नवउद्योग आणि शैक्षणिक संस्थांसाठी खुली करण्याची घोषणा झाली होती. तंत्रज्ञान विकास निधी योजनेत एका प्रकल्पासाठी मिळणाऱ्या साहाय्याची मर्यादा 2022 मध्ये 10 कोटींवरून 50 कोटी रुपयांपर्यंत वाढविण्यात आली. एप्रिल 2018 मध्ये सुरू झालेल्या ‘आयडेक्स’ उपक्रमातून नवउद्योगांना सशस्त्र दलांच्या गरजांवर काम करण्याची संधी मिळते. संघटनेच्या फेररचनेचा विचार करण्यासाठी सरकारचे माजी प्रधान वैज्ञानिक सल्लागार डॉ. के. विजयराघवन यांच्या अध्यक्षतेखाली 2023 मध्ये समिती नेमण्यात आली आणि तिने 2024 मध्ये अहवाल सादर केला.

या सर्व योजनांचा रोख प्रामुख्याने उद्योगाला संशोधनात सहभागी करून घेण्यावर आहे. तंत्रज्ञान नागरी विभागाकडे गेल्यानंतर त्याच्या दहा-पंधरा वर्षांच्या आयुष्याचा खर्च कोण उचलणार, कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण कोण देणार आणि दोष आढळल्यास प्रयोगशाळेकडे तो परत कसा पोहोचणार, यासाठी सर्वांना लागू असणारी व्यवस्था अद्याप नाही. रेल्वेच्या बाबतीत लेखापरीक्षणाने ही उणीव दाखवून दिली, रुग्णालयांच्या बाबतीत सराव चाचणीने. मैसुरूच्या खाद्यतंत्रात ग्राहकाने आणि लेहच्या भाजीपाल्यात लष्करी खरेदीने तीच उणीव भरून काढली.

सीमेवरील जवानासाठी सोडविलेला प्रश्न रुळांवर काम करणाऱ्या कामगाराचे किंवा जिल्हा रुग्णालयातील रुग्णाचे जीवन बदलू शकतो, हे सिद्ध झालेले आहे. परवाना करारांच्या संख्येबरोबरच, हस्तांतरित तंत्रज्ञान पाच वर्षांनंतर किती ठिकाणी प्रत्यक्ष चालू आहे याची नोंद ठेवली गेली, तरच सार्वजनिक पैशातून झालेल्या संशोधनाचा लाभ नागरिकांपर्यंत किती पोहोचला, हे निश्चितपणे सांगता येईल.